गावचं रान कागदावर कसं राखायचं : सातबाऱ्यापासून हरित न्यायाधिकरणापर्यंत

श्रावण-भाद्रपदात राजापूर-देवगडकडचा जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, पाहिलेला माणूस त्याला ओसाड म्हणणार नाही. सीतेची आसवं, पाणगेंद, कवळ्याची पिवळी फुलं आणि खळग्यांतल्या बोटभर पाण्यात वाढून तिथेच संपणाऱ्या कितीतरी वनस्पती तिथे असतात. यांतल्या काही सह्याद्रीचा पट्टा सोडून जगात कुठे उगवत नाहीत. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात मात्र अशी जागा 'नापीक खडकाळ' या वर्गात मोडते आणि सातबाऱ्यावर ती बहुधा 'पोटखराबा' म्हणून दिसते. मग तिथे चिऱ्याची खाण निघते, कलमांसाठी सुरुंग लागतात, नाहीतर वृक्षारोपणाचे खड्डे मारले जातात. यात दर वेळी कायदा मोडलेला असतोच असं नाही. कागदावर तिथे राखण्यासारखं काही नोंदलेलंच नसतं.

स्थानिक वनस्पती वाचवणाऱ्या कायद्यांची आपल्याकडे कमतरता नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, वनसंवर्धन कायदा १९८० चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, जैविक विविधता कायदा २००२ चा आणि वनहक्क कायदा २००६ चा. त्याशिवाय झाडांपुरते राज्याचे दोन कायदे आहेत, गावासाठी १९६४ चा आणि शहरासाठी १९७५ चा. यातला प्रत्येक कायदा कुठल्या ना कुठल्या नोंदीवर चालतो. जमिनीची नोंद, झाडाची नोंद, गावाच्या ठरावाची नोंद. नोंद नसेल तर चांगल्यातला चांगला अधिकारीसुद्धा हात वर करतो. म्हणून हा लेख नोंदी कुठे पाहायच्या, कुठे करून घ्यायच्या आणि त्या वापरायच्या कशा, याबद्दल आहे. उदाहरणं मुख्यतः कोकण-सह्याद्रीची असली तरी पद्धत विदर्भालाही लागू पडते.

आधी जमिनीचा कागद

गावातली राखण्याजोगी जागा निवडा: देवराई, सडा, गायरान, ओढ्याकाठची राई, खाडीकाठची कांदळवनं. तिचा गट नंबर किंवा सर्व्हे नंबर काढा. गाव नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो आणि सातबारा 'महाभूलेख'वर दिसतो. सातबाऱ्यावरची नावं सगळेच वाचतात, पण तुम्हाला खरं वाचायचंय ते 'इतर अधिकार' या रकान्यात. तिथे 'राखीव वन', 'वनसंज्ञा' (जमीन वन मानल्याचा शेरा), 'खाजगी वन' किंवा 'कलम ३५' (१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं) यांतलं काही लिहिलेलं असेल तर त्या जमिनीचा बिगर-वन वापर सहजासहजी करता येत नाही. सिंधुदुर्गात वनसंज्ञेच्या नोंदीवरून वर्षानुवर्षं भांडणं चाललीत आणि अनेक शेतकऱ्यांना ती नोंद जाचक वाटते. तो जाच खरा आहे. पण ती नोंद काढून टाकण्याचा अर्ज गावात कुणी केला असेल, तर त्याआधी तिथे काय उगवतं हे गावाला माहीत असलंच पाहिजे.

तलाठ्याकडे (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे) गाव नमुना १-अ मागा. गावातल्या वनजमिनींची ती नोंदवही असते. विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हेही पाहा. लाकूडफाटा, चराई, मोहफुलं, पाणवठे यांवरचे गावाचे जुने हक्क त्यांत लिहिलेले असतात, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने त्यांना आजही जागा दिलेली आहे.

'वन' म्हणजे काय यावर सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन आदेश आहे. मालक कोणीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्याला वनसंवर्धन कायदा लागू, असं त्याने ठरवलं. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती आक्रसली, तेव्हा प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं आणि १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने राज्यांना सध्यातरी १९९६ चीच व्याख्या पाळायला सांगितलं. त्यामुळे मालकीच्या जमिनीतली पण दाट रान असलेली जागा 'ही कुठे वनखात्याची आहे' एवढं म्हणून साफ करता येत नाही. हा मुद्दा अर्जात लिहायचाच.

गायरानाचं वेगळं आहे. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्यानंतर १२ जुलै २०११ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. गायरान द्यायचं तर अगदी अपवादानेच, असं त्याचं सार आहे. माळरानाला जंगलाचा दर्जा मिळत नाही आणि त्याच्या बाजूने बोलणारा वेगळा कायदाही नाही. म्हणून माळरान असलेल्या गावाने हा निर्णय जवळ ठेवावा.

कोणतं झाड कायद्यात आहे, कोणतं नाही

इथे लोकांची सर्वांत मोठी गफलत होते. ग्रामीण भागात लागू असलेल्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत मोजकी झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवन. ही तोडायची तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

आता या यादीत काय नाही ते पाहा. राज्याचं फूल म्हणून मिरवतो ती ताम्हण नाही. उंबर, पायर, सातवीण, बकुळ, सुरंगी, रातांबा नाहीत. कारवी नाही, गेळा नाही, करवंदाची जाळी नाही, गारंबीचा वेल नाही आणि गवताची तर एक काडीही नाही. यादी लाकडाच्या आणि फळाच्या किमतीने बनलेली आहे, रानाच्या गरजेने नाही. पायरीचं एक झाड पडलं की त्यावर जगणारे हरियाल, धनेश, माकडं, वटवाघळं सगळ्यांचा संसार मोडतो, तरी या कायद्यापुरती पायर म्हणजे बिनकामाचं झाड. मला ही या कायद्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडलेली उणीव वाटते. ती भरून काढायला गावाकडे आज एकच हत्यार आहे, ते म्हणजे जैवविविधता नोंदवही. तिच्याकडे येतोच.

शहरात चित्र बरं आहे. १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या कायद्यात देशी-विदेशी असा भेद न करता सगळी झाडं येतात. तोडीआधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' म्हटलं आहे आणि २०० किंवा त्याहून जास्त झाडांची तोड असेल तर प्रकरण राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जातं. पुण्या-ठाण्याच्या वाचकांनी हरकत लिहिताना 'तोडू नका' एवढ्यावर थांबू नये. झाडाची जात, घेर, अंदाजे वय आणि त्यावरची घरटी लिहावी. अशा हरकतीचं उत्तर देणं प्राधिकरणाला टाळता येत नाही.

कांदळवनाला न्यायालयाचं वेगळं कवच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर अंतरिम बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम केली. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो. जागा सरकारी असो वा खाजगी, भराव टाकलेला दिसला की कांदळवन कक्षाकडे तक्रार करायची.

समिती कागदावरची आहे का कामाची

जैविक विविधता कायद्याची उतरंड तीन पायऱ्यांची आहे. चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, नागपूरला राज्य जैवविविधता मंडळ आणि प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती. कलम ४१ प्रमाणे ही समिती ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे.

तुमच्या गावात ती बहुतेक 'आहे'. पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये राज्यांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली. त्यानंतर समित्या आणि नोंदवह्या पूर्ण नसतील तर दरमहा दहा लाख रुपये भरायचे होते. हेतू चांगला होता. पण त्या धाकाने देशभर नोंदवह्या घाईघाईत लिहिल्या गेल्या, शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवून. आपल्या समितीत आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसलेले लोकही भेटतात.

म्हणून पहिलं काम असं. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज करून तीन गोष्टी मागा: समिती स्थापनेच्या ठरावाची प्रत, सदस्यांची नावं आणि लोक जैवविविधता नोंदवहीची प्रत. मिळाली नाहीत तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज द्या. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. समिती नावापुरती असेल तर ग्रामसभेत ती नव्याने करण्याचा विषय आणा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सदस्यसंख्या सात ते अकरा अशी ठेवायची आहे. यात सरपंचाच्या मर्जीतली माणसं भरली की समिती मेली. एक वैदू किंवा सुईण, एक गुराखी, रानभाज्या आणणारी एक बाई, एक मासे धरणारा, जमलं तर वनस्पतिशास्त्र शिकलेला एखादा शिक्षक, अशी माणसं बसवा. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, धनगर वाड्यांतलं माणूस नसेल तर नोंदवही अर्धीच होणार, कारण रानाची निम्मी माहिती त्यांच्याचकडे आहे.

नोंदवही: इथे घाई करू नका

सगळ्या खटाटोपातला हा गाभा आहे. नोंदवही म्हणजे झाडांच्या नावांची यादी नव्हे. पुढे जिल्हाधिकाऱ्यासमोर, मंडळासमोर, न्यायाधिकरणासमोर गावाचा पुरावा म्हणून उभी राहणारी ती वस्तू आहे. तिच्यात कोणती नोंद कामाची ठरते हे आधी समजून घेतलं पाहिजे.

वर्षाच्या चारही ऋतूंत फिरा. सडा मे महिन्यात पाहिला तर काळा दगड दिसेल, त्याची नोंद ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतच होते. सह्याद्रीतली कारवी सात वर्षांनी फुलते, त्यामुळे ती कधी फुलली होती हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावं लागतं. शेवळं पहिल्या पावसाच्या तोंडावर येतात. उंबर-पायरीची फळं आणि देवराईतल्या वेलींच्या शेंगा उन्हाळ्यात पाहायच्या. एकाच फेरीत भरलेली नोंदवही ओळखायला वेळ लागत नाही.

प्रत्येक नोंदीत सहा गोष्टी असाव्यात: गावातलं नाव, जागा, कधी दिसतं, कोण आणि कशासाठी वापरतं, मागच्या वीस-तीस वर्षांत वाढलं की कमी झालं, आणि धोका कुठला. शास्त्रीय नाव जाणकाराकडून तपासून शेवटी लिहा. गावातलं नाव चुकलं तर नोंद निरुपयोगी होते, शास्त्रीय नाव नंतर दुरुस्त करता येतं. एक नमुना देतो:

"शेवळा. वरच्या वाडीमागचा उतार, ओढ्याची डावी कड. ज्येष्ठाच्या सुरुवातीला कोंब येतो. गावातल्या बहुतेक घरांत काकडाच्या फळाबरोबर भाजी होते, वाडीतल्या बाया बाजारातही नेतात. पूर्वीपेक्षा कमी. कारण उताराचं सपाटीकरण, तसंच सगळे कोंब खुडल्याने बी धरत नाही. गावाचा नियम: एका जागी निम्मे कोंब सोडायचे."

शेवटची ओळ पाहा. गावाने स्वतः घातलेला नियम नोंदवहीत आला की समितीला त्यावर बोट ठेवता येतं. भीमाशंकर भागातला हिरडा असो वा गडचिरोलीतला मोह, गोळा करण्याच्या जुन्या रीती आणि पाळणुका सगळीकडे आहेत. त्या लिहिलेल्या नाहीत इतकंच.

धोक्याच्या रकान्यात उपरे झाडोरेही लिहा. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत, सुबाभूळ, गिरिपुष्प कुठे आणि किती पसरलंय हे नोंदवलं, तर पुढे रोजगार हमीतून ते काढण्याचं काम मागायला आधार मिळतो. आणि वणवा. कोणत्या उतारावर कोणत्या महिन्यात आग लावली जाते, ते लिहा. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे, पण गायरानात आणि सड्यावर गावाच्या ठरावाइतका उपयोग कशाचाच होत नाही.

सर्वांना दिसणाऱ्या नोंदवहीत काही गोष्टी लिहू नयेत. नरक्याच्या खोडा-मुळांत कर्करोगाच्या औषधासाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन असतं, म्हणून सह्याद्रीतून त्याची चोरटी तोड आणि वाहतूक वर्षानुवर्षं होत आली. असं झाड कुठल्या ओहोळात किती आहे हे छापील नोंदवहीत दिलं, तर आपणच चोराला वाट दाखवली. दुर्मीळ ऑर्किडं आणि कंदीलपुष्पं यांचंही तेच. जागा 'गावाच्या हद्दीत' एवढीच लिहा आणि नेमका तपशील समितीकडे बंद पाकिटात ठेवा. वैदूच्या औषधाची कृती त्याच्या लेखी संमतीशिवाय मुळीच लिहू नका. 'या विकारावर या झाडाचा वापर गावात होतो' एवढं पुरे.

ग्रामसभेचा ठराव

नोंदवही तयार झाली की ती ग्रामसभेपुढे वाचून मंजूर करून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या सभा आहेतच. विषयपत्रिकेवर विषय आधी लेखी द्या, ऐनवेळच्या विषयात असे ठराव टिकत नाहीत. मसुदा साधारण असा:

"मौजे ... येथील गट क्रमांक ... क्षेत्र ... हेक्टर ही जागा गाव पूर्वापार देवराई म्हणून राखत आले आहे. येथील वनस्पती व प्राण्यांची नोंद गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीच्या पान क्र. ... ते ... वर आहे. या जागेत झाडतोड, आग, खाणकाम, यंत्राने सपाटीकरण तसेच विदेशी प्रजातींची लागवड करू नये असे ही ग्रामसभा ठरवते. या जागेबाबत कोणतीही परवानगी देण्यापूर्वी जैवविविधता व्यवस्थापन समितीचे लेखी मत घ्यावे. ठरावाची प्रत तहसीलदार, वनक्षेत्रपाल व राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर यांना पाठवावी."

कार्यवृत्तात ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि हजेरी आली आहे ना, ते त्याच दिवशी पाहा. प्रती स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावत्या जपा.

देवराईच्या बाबतीत एक नाजूक गोष्ट आहे. राईला धोका बाहेरून येतो तसाच मंदिराच्या जीर्णोद्धारातूनही येतो. स्लॅबचं मोठं देऊळ, सभामंडप, वाहनतळ आणि त्या खर्चासाठी राईतलीच झाडं विकली जातात. गावकऱ्यांच्या श्रद्धेवर बोट ठेवून हे थांबत नाही. मानकऱ्यांना, गुरवांना आधीपासून समितीत घेतलं तर थांबतं, कारण राईतली काडी उचलायची नाही हा नियम त्यांच्याच घराण्यांनी राखलेला आहे. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातली अनेक देवस्थानं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. तुमची राई त्यांपैकी असेल तर ठरावाची एक प्रत तिकडेही द्या. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानच्या ओरणांच्या (तिथल्या देवरायांच्या) प्रकरणात केंद्राने देशभरातल्या देवरायांसाठी धोरण करावं अशी शिफारस केली आहे. ठरावाच्या प्रस्तावनेत तिचा उल्लेख करायला हरकत नाही.

जागेला दर्जा मागायचा तर कोणता

दर्जे बरेच आहेत आणि लोक सरसकट 'अभयारण्य करा' म्हणतात. गावाला ते क्वचितच सोयीचं असतं. माझा कौल छोट्या जागेसाठी जैवविविधता वारसा स्थळाला आहे (जैविक विविधता कायदा, कलम ३७). यात जमिनीची मालकी बदलत नाही आणि राष्ट्रीय प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, लोकांनी स्वतः ठरवलेली बंधनं सोडून त्यांच्या चालत आलेल्या वापरावर नवी बंधनं येत नाहीत. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथली जंगली जायफळाची दलदल २०२१ मध्ये वारसा स्थळ झाली, क्षेत्र अवघं २.५९ हेक्टर. गावाने ती राई म्हणून आधीच राखली होती. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा सापडला आणि त्याचं २.११ हेक्टरचं घर त्याच वर्षी वारसा स्थळ झालं. गडचिरोलीतलं आलापल्ली, जळगावची लांडोरखोरी आणि पुण्याचा गणेशखिंड बाग हेही या यादीत आहेत. दोन-अडीच हेक्टरला राज्याची अधिसूचना मिळू शकते, हे गावाला सांगा, हुरूप येतो. वाट अशी: समितीचा ठराव, ग्रामसभेची मंजुरी, नोंदवहीतला उतारा, नकाशा आणि छायाचित्रं घेऊन प्रस्ताव नागपूरच्या मंडळाकडे. तिथून अभ्यास, सल्लामसलत आणि मग शासनाची अधिसूचना.

गाव जंगलात असेल आणि लोकांचा पूर्वापार वापर असेल तर वनहक्क कायद्यातला सामूहिक वनसंपत्तीचा हक्क सर्वांत बळकट. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. या कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि जैवविविधतेचं नुकसान करणारी कामं थांबवण्याचा अधिकार दिला आहे. तो दुसऱ्या कुठल्याही दर्जात इतका थेट नाही. दाव्याचा नमुना 'सी', वनहक्क समितीची स्थळपाहणी, उपविभागीय समिती, जिल्हा समिती असा प्रवास आहे आणि तो लांबतो. आदिवासी नसलेल्या कुटुंबांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, तिथे कोकणातले बरेच दावे अडतात.

सरकारी जागा मोठी असेल आणि दोन अभयारण्यांना जोडत असेल तर वन्यजीव कायद्यातलं संवर्धन राखीव. तिलारीचं २९.५३ चौ.कि.मी. क्षेत्र २०२० मध्ये असं जाहीर झालं. खाजगी किंवा सामाईक जमीन मालकांनी आपणहून दिली तर समुदाय राखीव होतं.

पर्यावरण संवेदनशील क्षेत्र मात्र गावाने मागून लगेच मिळत नाही. डहाणू (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१), माथेरान (२००३) झाली. पश्चिम घाटाचं घोडं अजून अडलेलंच आहे. ३१ जुलै २०२४ चा सहावा मसुदा ५६,८२५ चौ.कि.मी.चा असून त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौ.कि.मी. आहेत. मसुद्याच्या यादीत तुमच्या गावाचं नाव पाहा. अंतिम अधिसूचना नसली तरी केंद्राने १३ नोव्हेंबर २०१३ रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ५ खाली दिलेल्या निर्देशांनी या पट्ट्यात नवी खाणकामं, औष्णिक वीज प्रकल्प, लाल वर्गातले (सर्वांत प्रदूषणकारी) उद्योग आणि २०,००० चौ.मी.वरची बांधकामं रोखलेली आहेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात याहून वेगळी वाट निघाली. तिथे रबर आणि इतर एकपिकी लागवडीसाठी डोंगरच्या डोंगर उघडे होत होते, तेव्हा लोक उच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये दोडामार्गमध्ये तोडबंदी आली आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या गावांचा संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढा असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं.

वृक्षारोपणाच्या नावाखाली

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात मोठ्या लागवड मोहिमा झाल्या, एकट्या २०१९ चं लक्ष्य ३३ कोटींचं होतं. शिवाय वनजमीन वळवल्याच्या बदल्यातली भरपाईची लागवड २०१६ च्या निधी कायद्याखाली चालूच असते. अशी लागवड गवताळ माळावर किंवा सड्यावर आली तर तिथली मूळ वनस्पती सावलीने आणि खड्ड्यांनी मरते, आणि कागदावर हिरवाई वाढलेली दिसते. लागवडीला विरोध करायचा म्हटलं की माणूस खलनायक ठरतो, म्हणून गाव गप्प बसतं. गप्प बसू नका. समितीच्या लेटरहेडवर वनक्षेत्रपालांना दोन गोष्टी लिहून द्या: अमुक गटातलं माळरान नोंदवहीत गवताळ परिसंस्था म्हणून नोंदलं आहे, तिथे खड्डे नकोत. आणि लागवड करायचीच तर अमुक उजाड उतारावर या देशी झाडांची करा. यादी गावाने द्यायची: कोकणात किंजळ, ऐन, सातवीण, पायर, उंबर, रातांबा, जांभूळ, बेहडा, देशावर बोर, बाभूळ, हिवर, कडुनिंब, पळस. पर्याय हातात दिला की अधिकाऱ्यालाही सोपं जातं.

व्यापारी रानात आला तर

गावचे लोक, शेतकरी, वैदू यांना वनौषधी वापरायला परवानगी लागत नाही. पण भारतीय कंपनीने व्यापारासाठी माल न्यायचा तर जैविक विविधता कायद्याच्या कलम ७ प्रमाणे राज्य मंडळाला आधी कळवावं लागतं, परदेशी कंपनीला राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. समितीला गोळा करण्याची फी लावता येते, आणि ती स्थानिक जैवविविधता निधीत जमा होते. देशी कंपन्यांनाही लाभातला वाटा द्यावा लागेल, असा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसी प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये दिला.

१ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही बाजू पातळ केली, असं माझं स्पष्ट मत आहे. लागवडीतल्या औषधी वनस्पती, ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान आणि नोंदणीकृत आयुष वैद्य यांना सूट मिळाली. पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती, आता फक्त एक लाखापासून पन्नास लाखांपर्यंत दंड. गावासाठी याचा व्यवहारी अर्थ असा की 'हा माल लागवडीतला आहे' असं सांगून रानातला माल जाऊ शकतो. गाडी दिसली तर उगमाचं प्रमाणपत्र आणि वाहतूक परवाना मागा. क्रमांकाचा फोटो घ्या, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि समितीच्या वहीत तारीख-वेळ लिहा.

तोड किंवा खोदकाम सुरू झालंच तर

पहिल्या दिवशी तारखेसह, अक्षांश-रेखांश दिसतील असे फोटो घ्या. १९२६ वर फोन आणि त्याच दिवशी वनक्षेत्रपाल, तहसीलदार, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. सोबत सातबारा, ठराव आणि नोंदवहीचं पान जोडा. कटर चालवणाऱ्या मजुरांशी वाद घालू नका, परवानगीचा कागद ठेकेदाराकडे मागा. मालकी तोडीची परवानगी असेल तर त्यात दिलेल्या झाडांची संख्या आणि वनखात्याने मारलेले हातोड्याचे शिक्के प्रत्यक्षाशी जुळवून पाहा. पन्नासाच्या परवानगीवर दोनशे झाडं जातात ती इथेच उघडी पडतात.

मोठा प्रकल्प असेल तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली जनसुनावणी होते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. त्यातली वनस्पतींची यादी आणि तुमची नोंदवही शेजारी ठेवून वाचा. सड्याची पाहणी उन्हाळ्यात केलेली असेल तर ते सुनावणीत तोंडी सांगाच, पण लेखीही द्या आणि पोच घ्या. इतिवृत्तात तुमचं म्हणणं आलंय का ते सुनावणी संपण्याआधी वाचून दाखवायला सांगा.

त्यापुढची जागा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. अर्जाची फी साधारण १,००० रुपये. पण तिथे कुठला कायदा चालतो हे आधी पाहा. जैविक विविधता, वनसंवर्धन आणि पर्यावरण संरक्षण हे कायदे त्याच्या अनुसूचीत आहेत. वन्यजीव कायदा, १९२७ चा वन अधिनियम आणि राज्याचे वृक्षतोडीचे कायदे नाहीत, त्यांच्यासाठी उच्च न्यायालय. म्हणून अर्ज नुसता 'झाडं तोडली' असा न लिहिता नोंदवही, समितीचं डावललेलं मत आणि वनसंवर्धन कायदा यांवर उभा करा. मुदतही काटेकोर आहे: वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षं, आणि पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील असेल तर फक्त तीस दिवस. वाजवी कारण असेल तर प्रत्येकी साठ दिवस वाढवून मिळू शकतात, त्यावर विसंबून राहू नका. तक्रारीचं उत्तर येईल म्हणून वाट पाहण्यातच बहुतेक गावांचे सहा महिने निघून जातात, तेव्हा पहिली लेखी तक्रार दिली त्याच आठवड्यात वकिलाला भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या अर्जदारांना वकील मोफत मिळतो.